ब्रीदाचा दावा : सोलापूरच्या मुलखातील देवाशी भांडणाची परंपरा

सोलापूर, पंढरपूर आणि मंगळवेढे या तीन गावांचा बाराव्या ते पंधराव्या शतकांतला धार्मिक इतिहास चाळला, तर त्यात देवाच्या स्तुतीबरोबर दुसराही एक सूर सतत ऐकू येतो आणि तो गाऱ्हाण्याचा असतो. देवाने शब्द दिला आणि तो पाळला नाही, हाक मारली तेव्हा तो आला नाही, नाव मोठे मिरवले पण त्या नावाला जागला नाही, असे देवाला तोंडावर सुनावणारे भक्त या मुलखात एकामागून एक होऊन गेले. त्यांच्या संप्रदायांनी त्यांना पाखंडी ठरवले नाही, उलट त्यांचे हे बोल गाथांत आणि चरित्रांत जपून ठेवले, इतके की गाथांच्या छापील आवृत्त्यांत अशा अभंगांचे वेगळे गट पाडून त्यांना भांडणाचे किंवा करुणेचे अभंग म्हणण्याची वहिवाट पडली. देवाशी भांडण हा या मुलखात नास्तिकाचा उद्योग कधीच नव्हता. ज्याचा देवाच्या शब्दावर पुरता भरवसा आहे तोच हे भांडण मांडू शकतो, असे येथे गृहीत धरलेले दिसते.

या परंपरेतला सर्वांत जुना प्रसंग खुद्द सोलापूर गावातला आहे. बाराव्या शतकात या गावाला सोन्नलगी म्हणत, आणि तेथे मुद्दगौडा व सुग्गव्वा या दांपत्याच्या पोटी जन्मलेला सिद्धराम पुढे सिद्धरामेश्वर म्हणून गावाचे ग्रामदैवत झाला. तेराव्या शतकातील कन्नड कवी राघवांक याने त्याचे चरित्र काव्यरूपाने लिहिले असून त्यातील बालपणाची कथा सोलापुरात आजही घरोघर माहीत आहे. गुरे राखणाऱ्या या मुलासमोर श्रीशैलाचा मल्लिकार्जुन जंगमाच्या, म्हणजे फिरत्या शैव गुरूच्या, वेषात उभा राहतो, आधी शेतातला हुरडा मागून खातो आणि मग दहीभाताची इच्छा सांगतो. मूल धावत घरी जाऊन दहीभात घेऊन येते, तोवर पाहुणा निघून गेलेला असतो. मूल रानोमाळ 'मल्लय्या, मल्लय्या' अशा हाका मारत फिरते, यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर श्रीशैलापर्यंत पोहोचते, तेथे त्याला एक दगडी लिंग दाखवून हाच मल्लय्या असे सांगितले जाते, आणि हुरडा खाणारा, बोलणारा मल्लय्या हा नव्हे असे म्हणून ते कड्यावरून उडी टाकायला निघते. त्या क्षणी देव त्याला वरच्या वर झेलतो.

पंढरपुरात नामदेवांच्या बालपणाची जी कथा सांगतात तिची घडणही हीच आहे. वडील बाहेरगावी गेलेले असताना नैवेद्य घेऊन देवळात आलेला मुलगा देव जेवत नाही हे पाहून हटून बसतो आणि देवाच्या पायांवर डोके आपटून प्राण देण्याची धमकी देतो, तेव्हा मूर्ती जेवते. एक कथा शैवांची आणि दुसरी वैष्णवांची, एक मूळची कन्नड आणि दुसरी मराठी. पण दोन्हींत लहान मूल देवाचे म्हणणे शब्दशः खरे धरते. नैवेद्य दाखवायचा असतो, देवाने तो खायचा नसतो, ही मोठ्या माणसांची समजूत त्याला ठाऊक नाही, आणि नेमक्या त्याच अज्ञानामुळे देवाला खरे ठरणे भाग पडते. चरित्रकारांनी या कथा कौतुकाने सांगितल्या असल्या, तरी रूढ पूजाविधीवर त्यांत केलेली टीका नजरेआड करण्याजोगी नाही.

सिद्धरामाच्या कथेचा पुढचा भाग मात्र नामदेवांच्या कथेत नाही. कड्यावर झेललेल्या मुलाला देव आपल्याजवळ ठेवून घेत नाही, गावी परत पाठवतो आणि तेथे काम करायला सांगतो. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतो, तेथे वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही वेळेवर पडेल याचा नेम नसतो. अशा गावात सिद्धरामाने मोठे तळे खोदवले, अडुसष्ट लिंगांची स्थापना केली आणि मल्लिकार्जुनाला कपिलसिद्ध मल्लिकार्जुन या नावाने गावात आणले. हेच नाव त्याच्या वचनांत, म्हणजे वीरशैव संतांच्या छंदमुक्त कन्नड उक्तींत, मुद्रिका म्हणून येते. वीरशैव संत आणि तत्त्वचिंतक अल्लमप्रभू सोन्नलगीला आले तेव्हा माती-दगडाच्या या कामांत गुंतलेल्या सिद्धरामाला त्यांनी 'वडार रामा' अशा अर्थाच्या संबोधनाने हिणवले आणि चिडलेल्या कामकऱ्यांनी त्यांच्यावर दगड फेकले, असे वीरशैव परंपरा सांगते. त्यानंतर सिद्धराम त्यांच्याबरोबर वीरशैवांचे केंद्र असलेल्या कल्याणला गेला. अल्लमप्रभूंचा आक्षेप तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने कितीही मोलाचा असला, तरी दुष्काळी गावाने त्यांच्यापेक्षा तळे खोदणाऱ्याला ग्रामदैवत केले, हा गावाचा कौलच म्हणायला हवा. मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक आजही या अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा घालते.

पंढरपुरात या गाऱ्हाण्याला दाव्याचे, जवळजवळ कायदेशीर स्वरूप आले, आणि त्याचे साधन होते 'ब्रीद'. यादवकाळातील राजे, सामंत आणि योद्धे आपल्या नावापुढे बिरुदांची माळ लावत आणि ती शिलालेखांत व ताम्रपटांत कोरून घेत. बिरुद किंवा ब्रीद ही जाहीरपणे मिरवलेली प्रतिज्ञा असे आणि ती मोडणे ही मानहानी समजली जाई. वीर पुरुष आपल्या ब्रीदाचे चिन्ह म्हणून पायात तोडर, म्हणजे एक प्रकारचा जाड वाळा, घालत, आणि ज्याची हिंमत असेल त्याने ते ब्रीद खोटे करून दाखवावे असे त्यातून आव्हान देत. संतांनी दरबारातली ही वस्तू उचलून विठ्ठलाच्या पायात घातली. पतितपावन, दीनानाथ, अनाथांचा कैवारी ही देवाची नावे त्यांच्या लेखी केवळ स्तुतीची विशेषणे राहिली नाहीत. ती त्याने स्वतः होऊन मिरवलेली ब्रीदे ठरली, आणि म्हणून तो ती पाळतो की नाही हे विचारण्याचा हक्क कोणाही पतिताला मिळाला. ब्रीद पाळ, नाही तर तोडर उतरवून ठेव, अशा आशयाची ही मागणी नामदेवांपासून तुकारामांपर्यंत अनेकांच्या अभंगांत वेगवेगळ्या रूपांत येते. जनाबाईने तर दावा-अर्ज बाजूला ठेवून सरळ शिवीगाळच केली. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी ही बाई विठ्ठलाला अरेतुरे करते, त्याला कार्टे म्हणते आणि जात्यावरच्या भांडणात बायका एकमेकींना जे अभद्र चिंततात ते त्याच्या बायकोला चिंतायलाही कचरत नाही.

देवाच्या खरेपणावर बोट ठेवण्याची ही रीत भारताबाहेरही सापडते, आणि तिचे सर्वांत ठळक उदाहरण बायबलच्या जुन्या करारातील यिर्मया या संदेष्ट्याचे आहे. यरुशलेमजवळच्या अनाथोथ गावच्या याजक घराण्यातला हा माणूस इसवी सनापूर्वी 627च्या सुमारास, अगदी तरुणपणी, देवाचा संदेश सांगायला उभा राहिला. राज्याचा नाश अटळ आहे असे तो वर्षानुवर्षे सांगत राहिला आणि त्यापायी गावकऱ्यांनी त्याच्या जिवावर कट केले, देवळाच्या अधिकाऱ्याने त्याला खोड्यात अडकवले, यहोयाकीम राजाने त्याच्या ग्रंथाची गुंडाळी सुरीने कापून एकेक तुकडा शेगडीत जाळला, आणि शेवटी त्याला चिखलाने भरलेल्या विहिरीत सोडण्यात आले. त्याच्या ग्रंथाच्या अकराव्या ते विसाव्या अध्यायांत त्याची गाऱ्हाणी विखुरलेली आहेत. पंधराव्या अध्यायात तो आपल्या आईने आपल्याला जन्म दिला याबद्दल हळहळतो, माझी जखम भरतच का नाही असे विचारतो, आणि देवाला उद्देशून म्हणतो की तू मला फसव्या ओढ्यासारखा झालास, ज्याच्या पाण्याचा भरवसा नाही. पॅलेस्टाईनमधील ओढे पावसाळ्यात दुथडी वाहतात आणि तहानलेला वाटसरू उन्हाळ्यात त्यांच्यापाशी पोहोचतो तेव्हा कोरडे ठणठणीत असतात. सांगोला, मंगळवेढे भागातल्या कोणत्याही शेतकऱ्याला ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही. याच यिर्मयाने ग्रंथाच्या सुरुवातीला देवाला जिवंत पाण्याचा झरा म्हटले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे आरोपाची धार कळते.

यिर्मयाला मिळालेले उत्तर सांत्वनाचे नाही. तू मागे फिरलास तर मी तुला पुन्हा माझ्यासमोर उभा करीन, व्यर्थ बोलणे टाकून मोलाचे बोललास तर तू माझे मुख होशील, आणि या लोकांपुढे मी तुला पितळेची मजबूत भिंत करीन, असे त्याला सांगितले जाते. म्हणजे गाऱ्हाणे ऐकून घेतले गेले, पण नोकरीतून सुटका झाली नाही. पुढे इसवी सनापूर्वी 586 च्या सुमारास बाबिलोनी सैन्याने यरुशलेम पाडले आणि देवाचा शब्द खरा ठरला. मात्र तो खरा ठरणे हेच संदेष्ट्याचे मोठे दुःख होते, आणि हा पेच सोडवण्याचा प्रयत्न ग्रंथकर्त्याने केलेला नाही.

पितळेच्या भिंतीचे हे वचन मंगळवेढ्याच्या संदर्भात वाचताना अडखळायला होते, कारण या गावात देवाचा एक भक्त भिंतीखालीच गेला. पंढरपूरपासून सुमारे 25 किलोमीटरवरचे मंगळवेढे हे त्या काळी महत्त्वाचे ठाणे होते, आणि तेथील गावकुसाचे, म्हणजे गावाभोवतीच्या तटाचे, काम करण्यासाठी आसपासच्या महारांना वेठीला, म्हणजे बिनमजुरीच्या सक्तीच्या कामाला, धरून नेण्यात आले. शके 1260 मध्ये, म्हणजे इसवी सन 1338 मध्ये, हे कूस कोसळले आणि त्याखाली गाडल्या गेलेल्या मजुरांत चोखामेळा होते. नामदेव तेथे गेले, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून ओळखली, आणि पंढरपुरास आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, असे परंपरा सांगते. ज्या गावकुसाच्या आत राहण्याची महारांना मुभा नसे, तेच कूस बांधताना चोखोबा मेले. आणि जेथून पुढे पाऊल टाकण्याची त्यांना हयातीत मनाई होती, तेथेच त्यांची समाधी झाली. महाद्वाराच्या आत, देवळाच्या भिंतीत, 'चौऱ्याऐंशीचा शिलालेख' म्हणून ओळखला जाणारा शके 1195 ते 1199 या काळातील लेख आहे. त्यावर रामदेवराव यादवासह देवस्थानाला दाने देणाऱ्यांच्या नोंदी आहेत आणि चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकावा म्हणून भाविक त्या शिळेला पाठ घासत आले आहेत. ती शिळा बसली तेव्हा नामदेव सात-आठ वर्षांच्या आतले होते. चोखोबांना तिला पाठ लावता आली नाही.

चोखोबांच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत, ते अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने लिहून घेतले असे मानतात, आणि त्यांत गाऱ्हाण्याच्या निरनिराळ्या पायऱ्या दिसतात. एका प्रसिद्ध अभंगात ते विठ्ठलाला पाय उचलून धावत येण्यास सांगतात, कारण बडवे, म्हणजे पंढरपूरचे वंशपरंपरागत पुजारी, त्यांना मारत आहेत आणि देवाच्या गळ्यातला हार तुझ्या गळ्यात कसा आला असा जाब विचारत आहेत. ही फिर्याद प्रसंगापुरती आहे, आणि फिर्यादीला आपला न्यायाधीश कोण हे पक्के माहीत आहे. दुसऱ्या काही अभंगांत प्रश्न मोठा होतो : सगळ्यांचीच उत्पत्ती विटाळातून होते तर मग सोवळा कोण आणि ओवळा कोण. तरीही आणखी काही अभंगांत चोखोबा स्वतःच देवाची सोडवणूक करतात. मागच्या जन्मी आपल्या हातून कृष्णाची निंदा घडली म्हणून हा जन्म आला, असे कारण ते पुढे करतात, आणि मग देवावरचा आरोप आपोआप मागे घेतला जातो. कर्मसिद्धान्ताची ही सोय यिर्मयाला उपलब्ध नव्हती. चोखोबांना ती होती, आणि त्यामुळे त्यांचे भांडण अधूनमधून मिटते, ही त्यांच्या काव्याची मर्यादा म्हणावी की त्यांच्या काळाची, याचा निवाडा कठीण आहे.

त्यांचा मुलगा कर्ममेळा याने ही सोय नाकारली. पंचवीस-तीसच अभंग मागे ठेवलेल्या या कवीचे एक गाऱ्हाणे सगळ्या वारकरी वाङ्मयात वेगळे उठून दिसते. आम्हाला हीन जातीत तूच जन्माला घातलेस, आमचा सारा जन्म उष्टे खाण्यात गेला, याची लाज तुला वाटायला हवी, असे तो विठ्ठलाला सुनावतो. आणि मग साक्षीदाराच्या थंडपणाने आठवण देतो की तू आमच्या घरी जेवला आहेस, ते आता नाकारशील कसे. चोखोबा आणि त्यांची पत्नी सोयराबाई यांच्या घरी विठ्ठल जेवून गेला ही कथा बाकीचा संप्रदाय देवाच्या प्रेमाचा पुरावा म्हणून सांगतो, तर कर्ममेळा तोच पुरावा देवाच्या विरुद्ध वापरतो : जो आमच्या ताटात जेवला तो आम्हाला दारात येऊ देत नाही, याचा अर्थ एक तर तो जेवलाच नाही किंवा तो आता खोटे वागतो आहे. अभंगाचा शेवट मला जन्म का दिलास या प्रश्नाने होतो, आणि येथे तो यिर्मयाच्या अगदी शेजारी येऊन बसतो. फरक इतकाच की यिर्मयाच्या ग्रंथात प्रश्नामागोमाग देवाचे उत्तर नोंदलेले आहे. कर्ममेळ्याचा अभंग प्रश्नावरच संपतो.

चोखोबांनंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी मंगळवेढ्यातच घडलेल्या दामाजीपंतांच्या कथेत देव अगदी वेळेवर येतो. बिदरच्या बहामनी सुलतानाचे धान्याचे कोठार सांभाळणाऱ्या या ब्राह्मण अधिकाऱ्याने दुष्काळात कोठार लोकांसाठी मोकळे केले, सुलतानाने त्याला पकडून आणण्याचे फर्मान सोडले, आणि तो बिदरला पोहोचण्याआधीच विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन, हातात काठी आणि खांद्यावर घोंगडी अशा वेषात दरबारात जोहार करून धान्याची रक्कम भरली व पावती घेतली, असे महिपतींनी 1762 मध्ये पुऱ्या केलेल्या 'भक्तविजय' ग्रंथात वर्णिले आहे. ही कथा शतकानुशतके कीर्तनांत रंगत आली. तिच्या श्रोत्यांना देव महार होऊन येतो हे सहज पटत होते, पण महार देवळात जातो हे पटत नव्हते, आणि या दोन गोष्टींत विसंगती आहे हेही फारसे कोणाला खटकत नव्हते. कान्होपात्रेची कथा याच गावची आणि साधारण याच काळातली. गणिकेच्या या मुलीला बिदरच्या दरबारात न्यायला शिपाई आले तेव्हा तिने विठ्ठलासमोर जो आकांत केला त्यातही ब्रीदाचा दावा आहे : तुझी म्हणवणारीला दुसऱ्याने नेले तर उणेपणा तुझ्याकडे येईल. देवाने तिला देहासह आपलेसे केले असे संप्रदाय मानतो; इतिहासाच्या भाषेत सांगायचे तर ती देवळात मरण पावली, आणि तेथेच तिची आठवण म्हणून तरटीचे झाड दाखवले जाते.

सतराव्या शतकातील तुकारामांचे गाव देहू या जिल्ह्याच्या बाहेरचे असले तरी त्यांचे भांडण पंढरीच्याच देवाशी होते. 1630च्या आगेमागेच्या भीषण दुष्काळात बायको आणि मूल गमावलेल्या या माणसाने एका अभंगात आपल्यापुरता देव मेला असा निर्वाळा देण्यापर्यंत मजल मारली, आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्यावर तेरा दिवस नदीकाठी धरणे धरले. यहोयाकीमने जाळलेला ग्रंथ यिर्मयाने बारूख या लेखनिकाकडून पुन्हा लिहून घेतला. तुकारामांच्या वह्या पाण्यातून कोरड्या वर आल्या असे परंपरा सांगते. मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत, आणि अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महिपतींची संतचरित्रे इंग्रजीत आणली. दोन्ही परंपरांमधले हे नाते जाणकारांच्या लक्षात पूर्वीच आले होते, असे यावरून दिसते.

चोखोबांच्या फिर्यादीचा निकाल लागायला 1947 साल उजाडावे लागले. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले व्हावे यासाठी साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा करून गावोगावची देवळे व पाणवठे खुले करून घेतले आणि मग 1 मे 1947 रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केले. ते 10 मे रोजी, मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर, सुटले. गुरुजी स्वतः देवाशी भांडायला बसले नव्हते. त्यांचा रोख पुजाऱ्यांवर आणि त्यांच्या पाठीशी उभ्या असलेल्या समाजावर होता. देवाच्या ब्रीदाची अंमलबजावणी माणसांनीच अडवून धरली असेल तर ती माणसांकडूनच करून घ्यावी लागते, ही समज त्या उपोषणामागे होती, आणि सहाशे वर्षांच्या गाऱ्हाण्यांपेक्षा त्या दहा दिवसांनी अधिक काम केले हे मान्य करावेच लागते.

अर्थात तोवर फिर्यादीच्या वारसांनी न्यायालयच बदलले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत वाढलेल्या पिढीला देवळाच्या दारात उभे राहून ब्रीदाची आठवण देत बसण्याचा मार्ग अपुरा आणि मानहानीचा वाटू लागला, आणि 1956 च्या धर्मांतराने तो विषय त्यांच्यापुरता संपला. चोखोबांविषयीचा आदर मात्र त्याबरोबर संपला नाही. 1948 मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावर लिहिलेला आपला इंग्रजी ग्रंथ बाबासाहेबांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला.